काटा काय म्हणतोय?

मॅडमनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्या सगळ्यांना विषयानंच ओळखायच्या. "इतिहास, तुमचा डबा गळतोय बघा." "भूगोल, ती खिडकी लावून घ्या." मी मराठी शिकवते, म्हणून मी मराठी. व्हरांड्याच्या त्या टोकावरून "अहो मराठी!" अशी आरोळी आली की अकरावीची नवीन पोरं दचकून इकडेतिकडे बघायची. त्यांना स्वतःला मात्र कुणी केमिस्ट्री म्हटलेलं चालायचं नाही. "मी वायू शिकवते," म्हणायच्या. "बाकीची केमिस्ट्री कुणीही शिकवेल." बाकीची केमिस्ट्रीसुद्धा त्याच शिकवायच्या, पण ती सासरचं काम उरकावं तशी. पोरांनी त्यांचं नाव हवाबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि गळ्यात शिंप्याची टेप. ही टेप फुग्यासाठी. स्टाफरूमच्या पश्चिमेच्या खिडकीला त्यांचा एक फुगा कायम बांधलेला असे. सकाळी आल्या आल्या त्याची कंबर मोजायची आणि दुपारी ऊन खिडकीत आलं की पुन्हा मोजायची. "वाढला," असं त्या जाहीर करायच्या, एखाद्याला मुलगा झाल्याची बातमी द्यावी तशा. बोटभर वाढलेला असायचा फार तर. फुगा दोन-चार दिवसांत मऊ पडला की नवीन यायचा. इतिहासाचे सर एकदा म्हणाले, "मॅडम, एवढं काय त्या फुग्यात? रोज वाढतोय, रोज उतरतोय." मॅडमनी त्यांच्या पोटाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "उतरतोय ना? मग त्याचं कौतुक करा की." सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. वायूला कधी एकच प्रश्न विचारायचा नाही, तीन विचारायचे. जागा किती? ताप किती? दाब किती? "तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये. लोक नुसता दाब बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात." म्हणून भर दुपारी टायरमध्ये हवा तपासणाऱ्यांचा त्यांना राग होता. त्यांच्या स्कूटीची हवा पहाटे, टायर गार असतानाच बघितली जायची. विजापूर रोडच्या हवावाल्याला त्यांनी दुकान उघडायच्या आधी उठवलेलं मी स्वतः पाहिलंय. तो बिचारा डोळे चोळत म्हणाला, "बाई, दुपारी या की, काटा तोच हाय." तर त्याला तिथंच शिकवणी. रस्त्यावरून तापून आलेला टायर जास्त दाखवतो, हवा काही वाढलेली नसते, आतली तीच हवा गरम होऊन जोरात ढकलत असते, तापलेल्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो "व्हय, व्हय" करत होता. मी स्कूटीवर मागं बसून जांभया देत होते, पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

वर्गातल्या त्यांच्या तासाला तर मी माझा मोकळा तास सोडून दारात उभी राहायची. एकदा त्यांनी सगळे बाक भिंतीला लावले, मधे कपडे वाळत घालायच्या दोरीचं रिंगण केलं आणि चाळीस-पन्नास पोरापोरींना आत घातलं. "तुम्ही कण. फिरा. थांबायचं नाही. दोरीला धक्का लागला तर लागू द्या." पोरं फिरू लागली. मग दोरी धरणाऱ्यांना म्हणाल्या, "आवळा." रिंगण लहान झालं, दोरीला धक्क्यांवर धक्के बसू लागले. "आता तापवते हं. पळा!" त्यावर जो गोंधळ उडाला तो ऐकून प्राचार्य धावत आले. त्यांना वाटलं मारामारी. "मॅडम, काय चाललंय हे?" मॅडम त्या गदारोळातून म्हणाल्या, "दाब वाढलाय सर. मागं सरा, जागा द्या." प्राचार्य खरंच मागं सरले.

सगळे दमून खाली बसल्यावर अशोक चौकाकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी रोज असंच असतंय की. एका खोलीत माग, दुसऱ्या खोलीत आमी सगळी. माग चालू झाला की तापतंय पण लई." पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू त्याच्या हातात दिला. "मग तुला कळलंय. तू सांग यांना." आणि तो मुलगा, जो वर्षभरात कधी तोंड उघडून बोलला नव्हता, तो फळ्यापाशी उभा राहून आपलं घर सांगू लागला. कुणाचे धक्के कुणाला बसतात, आजी दारात का झोपते, आई चिडली की बाबा बाहेर का जातात. मॅडम शेवटच्या बाकावर बसून ऐकत होत्या. पुढं पुढं क्लासवाल्यांनी पोरं पळवली, वर्ग ओस पडत चालले, आली तरी "मॅडम, ऑप्शन बी का सी एवढंच सांगा" म्हणणारी. त्या काळात मॅडम मला म्हणायच्या, "मराठी, तो माग असलेला पोरगा आठवतोय? तसं एक जरी वर्गात असलं ना, तरी शिकवायला मजा येते."

विज्ञान दिनाची गोष्ट तर आमच्या कॉलेजात अजून सांगतात. फेब्रुवारी संपता संपता सोलापूर तापायला लागतं, पहाट मात्र गार असते. पाहुणे आले की गॅसचे फुगे आकाशात सोडायचे ठरलेलं. पहाटे शिपायांनी फुगे भरायला घेतले तेव्हा मॅडम सांगत होत्या, पाऊणच भरा, ऊन चढलं की ते आपोआप टम्म होतील. प्राचार्य म्हणाले, "सुरकुतलेले फुगे दाखवायचे होय पाहुण्यांना? चांगले टम्म भरा." टम्म भरले. फुगे मैदानात उन्हात, आम्ही मांडवात, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. अकरा वाजले, बारा वाजून गेले. एकदाची गाडी फाटकातून आत आली, पाहुण्यांनी पाय खाली ठेवला आणि फाट! मग फाट, फाट! पाहुण्यांबरोबरच्या पोलिसानं त्यांना धरून खाली वाकवलं. प्राचार्यांचा चेहरा बघवत नव्हता. अख्ख्या मांडवात सन्नाटा, आणि मागच्या रांगेत मॅडम एकट्या उभ्या राहून टाळ्या वाजवताहेत. प्राचार्यांना चिडवायला नव्हे हो. बरोबर आलेल्या उत्तराला टाळ्या.

आमची शिक्षकांची सहल महाबळेश्वरला गेली होती तेव्हा आम्ही सगळ्या खिडकीतून दऱ्या बघत होतो आणि या मांडीवर वेफर्सचं पाकीट ठेवून त्याच्याकडे टक लावून. बस घाट चढेल तसं पाकीट फुगत गेलं. "बघा, बघा! बाहेरचा दाब कमी झाला, आतल्याला ऐसपैस वाटतंय." भूगोलाच्या बाईंनी खाऊ मागितला तर दिला नाही, प्रयोग चालू आहे म्हणून. उतरताना एक रिकामी पाण्याची बाटली वरच बूच लावून घेतली, ती खाली येईपर्यंत चेपली. ती चेपलेली बाटली त्यांनी घरापर्यंत आणली, अण्णांना दाखवायला.

अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. त्यांची माझी ओळख कशी झाली ते सांगायला हवं. नवीन लग्न होऊन मी जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात आले होते. सासू, सासरे, दीर, नणंद, येणारेजाणारे. पेपर तपासायला बसले की कुणीतरी त्याच पलंगावर कपडे घड्या घालायला यायचं. एक दिवस स्टाफरूममध्ये मी कारण नसताना रडले. बाकीच्या समजूत घालू लागल्या, नवऱ्याशी बोल, सासूशी जमवून घे. मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "घरात जागा किती?" मी सांगितलं. "डोकं कधी तापतं?" सांगितलं. "दाब कुणाचा?" मी म्हटलं, कुणा एकाचा नाही. "मग माणसात दोष नाही," त्या म्हणाल्या आणि पर्समधून किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. त्यांच्या गच्चीवरची खोली. "दुपारी येत जा. पेपर तपासा, झोपा, भिंतीकडं बघत बसा. कुणी विचारणार नाही." पुढं कितीतरी वर्षं मी त्या खोलीत जात राहिले. आज माझा संसार धड आहे तो त्या खोलीमुळं. हे मी मॅडमना कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की त्या तापमानावर घसरायच्या.

अण्णा दुधनीचे. घरची भाषा कानडी, बाहेर मराठी, धंदा सुताचा. लग्नानंतर मॅडमही कानडी शिकल्या होत्या. अण्णा गोलमटोल, हसरे, मी आले की "मराठीबाई आल्या" म्हणून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही, पोट भरलेलं असलं तरी. मॅडम जेवताना त्यांना त्या दिवशीचा धडा सांगायच्या. वायू आवळला तर काय, तापवला तर काय. अण्णांचे डोळे मिटत जायचे. मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणायच्या, "बघा! अडाणी आहेत हो हे. तीस वर्षं भिंतीला शिकवतेय." पाहुण्यांसमोरही म्हणायच्या, व्याह्यांसमोरही. अण्णा डोळे न उघडता हसायचे आणि म्हणायचे, "मास्तरीणबाई, मला आपलं सूत कळतंय, तेवढं पुरे की."

बिडीला कधी हात न लावलेल्या या माणसाची फुप्फुसं साठी ओलांडल्यावर गेली. दुकानातल्या सुताच्या तुसानं असेल, डॉक्टरही नक्की सांगत नव्हते. आधी जिना चढताना धाप, मग बसल्या जागी. शेवटी घरात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र आलं, नाकाला नळी आली. यंत्र विजेवर चालणारं, म्हणून वीज गेली तर हाताशी दोन लहान सिलिंडर. ज्या मॅडम फुग्याच्या बोटभर वाढीनं हरखायच्या, त्या आता सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसायच्या. कॉलेजात तास चालू असताना वीज गेली की त्यांचा खडू थांबायचा. मी न सांगता गाडी काढून त्यांच्या घरी जायची. सिलिंडर लावायला त्यांनी मलाही शिकवलं होतं.

त्या उन्हाळ्यात अण्णांच्या पुतण्यानं दुधनीला नवीन घर बांधलं. वास्तुशांतीला कलबुर्गीहून आक्का येणार होती. ही अण्णांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कानंच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलेलं. आता ती पार थकलेली, फोनवर तिला ऐकू येत नव्हतं. तिला सोलापूरपर्यंत येणं जमत नव्हतं आणि अण्णांना तिच्याकडं जाणं. कितीतरी वर्षं भेट नाही. अण्णांनी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण तेव्हा ते म्हणाले, "एकदा तिला बघून येऊ की." डॉक्टरांनी नको म्हटलं. मॅडम दोन दिवस कागदावर आकडे मांडत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मराठी, तुमची गाडी आणि तुम्ही, दोन्ही लागाल."

त्यांची आखणी साधी होती. एक सिलिंडर जाताना आणि तिथं बसेपर्यंत. दुसरं परत येताना. दुधनीला दुपारची वीज असेलच असं नव्हतं, म्हणून यंत्र नेण्यात अर्थ नव्हता. आक्काची गाडी दुपारच्या आत पोचायची. भेट, जेवण, आणि पहिलं सिलिंडर संपत आलं की निघायचं, कशासाठीही थांबायचं नाही. सकाळी निघताना त्यांनी दुसऱ्या सिलिंडरचा काटा पाहिला आणि काटा जिथं होता तिथं काचेवर आपल्या कपाळाची टिकली काढून चिकटवली. मग सिलिंडर ओल्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवलं. रस्ताभर त्या मागं अण्णांशेजारी बसून नळी नीट करत होत्या.

दुधनीला सगळे होते, आक्का नव्हती. गाडी वाटेत कुठं तरी अडकली होती. पुतण्या सारखा फोन लावत होता. पूजा झाली, पंगती उठल्या. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि अंगणात लिंबाखाली बाजेवर, रस्त्याकडं तोंड करून बसले. सगळे त्यांच्याशी बोलत होते, ते सगळ्यांशी हसत होते आणि रस्त्याकडं बघत होते. दोन वाजले, अडीच झाले. पहिलं सिलिंडर तळाला गेलं. मॅडमनी अक्कलकोटला एक-दोन ठिकाणी फोन केले, त्या मापाचं सिलिंडर कुणाकडं नव्हतं. त्या उठल्या. मी पण उठले. निघायलाच हवं होतं.

गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी होती. सावली सरकून कधीच निघून गेली होती. मॅडमनी डिकी उघडली तशी आतून भट्टीची झळ आली. ओली चादर वाळून कडक झाली होती. त्यांनी सिलिंडर बाहेर काढलं, हाताला चटका बसला तसा पदर मधे धरला, अण्णांच्या बाजेशेजारी आणून ठेवलं आणि चावी फिरवली. काटा उठला. सकाळच्या टिकलीपाशी थांबला नाही, टिकली ओलांडून पुढं गेला.

अण्णांनी मान वाकडी करून पाहिलं. "काटा काय म्हणतोय?"

मॅडम वाकून तबकडीकडं बघत होत्या.

"टिकलीच्या पुढं गेलाय की!" अण्णा म्हणाले. दम घेत, तोडून तोडून बोलायचे ते तेव्हा. "सकाळपेक्षा जास्त दाखवतोय. मग आक्का येईपर्यंत थांबायला काय हरकत हाय?"

मला त्या हवावाल्याची सकाळ आठवली. मी तोंड उघडलं, "अण्णा, ते उन्हानं..." आणि माझ्या पायावर मॅडमचा पाय पडला. चांगला जोरात.

"हो," मॅडम म्हणाल्या. "वाढलाय. थांबू या."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी चुकीचं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. परीक्षकांनी दिलेला एखादा मार्क चुकला म्हणून बोर्डाशी भांडणारी बाई. त्यांनी नळी दुसऱ्या सिलिंडरला जोडली, सिलिंडर खोल सावलीत घेतलं, चादर पुन्हा भिजवून त्याला लपेटली. ते गार होत गेलं तसा काटा परत टिकलीच्या मागं आला. मॅडमनी सिलिंडर असं फिरवून ठेवलं की तबकडी भिंतीकडं झाली आणि अण्णांना दिसेना. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत नव्हत्या, हिशेब करत होत्या. "पुरेल?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आता इथून पुढं जो वेळ जाईल तो परतीच्या रस्त्याच्या वाट्यातून कापायचा." मी विचारलं, नळीतून जरा कमी सोडलं तर? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत काही विचारलं नाही.

ऊन कलल्यावर पुतण्यानं आक्काला आणायला पाठवलेली जीप आली. आक्का उतरली. एवढीशी, वाकलेली, इरकल नेसलेली. दोघांनी धरून तिला बाजेपर्यंत आणलं. तिनं अण्णांच्या नाकाची नळी बोटानं चाचपली, ही काय आहे म्हणून कुणाला विचारलं नाही. गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऊटा आतेन, तम्मा?" जेवलास का, धाकट्या. अण्णा लहान पोरासारखे म्हणाले, हो. मग दोघं हातात हात घेऊन बसून राहिली. आक्काला ऐकू येत नव्हतं आणि अण्णांना बोलवत नव्हतं, म्हणून दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. अंगणात कालवा करणारी माणसंही हळूहळू गप्प झाली. मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहून तबकडीकडं बघत होत्या. शेवटी त्यांनीच जाऊन आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि आम्ही निघालो.

परतीचा रस्ता मी कसा चालवला ते मला सांगता येणार नाही. अक्कलकोट मागं पडल्यावर मागच्या सीटवर दोघं कानडीत बोलू लागली. सोलापुरात जन्म काढून माझी कानडी 'येन री' आणि 'ऊटा'च्या पुढं गेलेली नाही. अण्णा हळू हळू काहीतरी म्हणाले. मॅडमनी काहीतरी विचारलं. अण्णा हसले, हसताना ठसका लागला. आणि मग मला आरशात दिसलं की मॅडम अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताहेत. मी आरसा फिरवला आणि गाडीचा वेग वाढवला. वळसंग गेलं, कुंभारी गेली. मॅडमच्या गल्लीत वळलो तेव्हा काटा तळाला टेकायला आला होता. गल्लीत वीज असेल की नसेल, हाच एक प्रश्न माझ्या डोक्यात होता. शेजारच्यांच्या खिडकीत ट्यूब दिसली तेव्हा मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. यंत्र सुरू झालं, अण्णांना श्वास मिळाला, आणि मॅडम स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावू लागल्या.

अण्णा दिवाळीनंतर गेले. घरीच, झोपेत. आक्का त्यांच्या आधीच, पावसाळ्यात गेली होती.

पुढच्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि हैदराबादला लेकीकडं गेल्या. फोन करते मी. त्या तिथल्या तापमानाची तक्रार करतात, कोरडं ऊन नाही म्हणून. नातवाला धडे देतात, त्याला कंटाळा येतो. मला त्यांची इतकी आठवण येते की कधी कधी त्यांच्या बंद घरावरून मुद्दाम गाडी नेते आणि गच्चीकडं बघते. स्टाफरूममध्ये आता एसी आहे. तिथं बसून मला गुदमरायला होतं, हे कुणाला सांगणार? एक माणूस असं हवं असतं ज्याच्यापुढं आपण रडलो तर ते समजूत घालत नाही, सरळ तीन प्रश्न विचारतं. तसं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

मॅडम हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी मी सामान आवरायला गेले होते. यंत्र कुणा गरजूला देऊन झालं होतं. सिलिंडर परत गेली होती. भांडी खोक्यात, गाद्या गुंडाळलेल्या. तेव्हा मी धीर करून विचारलं, "मॅडम, त्या दिवशी गाडीत अण्णा काय म्हणाले होते?"

त्या गुंडाळलेल्या गादीवर बसल्या. साडीची निरी चाचपली.

"म्हणाले, मास्तरीणबाई, लोखंड तापलं म्हणून आतला गॅस वाढतो होय?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं? तर म्हणाले, तीस वर्षं रोज जेवताना तेच तर सांगतेस. डोळे मिटले म्हणून कान मिटत नाहीत. मी म्हटलं, मग काटा काय म्हणतोय म्हणून विचारलंत कशाला? सरळ थांबू या म्हणायचं. तर म्हणाले, मी थांबू म्हटलं असतं तर तुला नाही म्हणावं लागलं असतं. ते तुझ्या जिवाला लागून राहिलं असतं. आणि तू हो म्हणून वाटेत काही झालं असतं, तर तेही तुलाच लागलं असतं. त्यापेक्षा अडाणी नवरा काट्याला फसला, हे बरं की."

खाली कुणाची तरी मोटारसायकल थांबली, पुन्हा सुरू झाली. मॅडमनी पदरानं डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले.

"मराठी," त्या म्हणाल्या, "मी चारचौघांत त्यांना अडाणी म्हणायचे हो. आणि हे हसायचे. मला वाटायचं, काही कळत नाही म्हणून हसतात."